बिलियर्डचे नियम आणि हौशी खेळाडू

१८७५ सालच्या पावसाळ्यांत जबलपूरच्या छावणींतील कांहीं लष्करी अधिकारी पावसामुळें अडकून पडले होते. बिलियर्डच्या मेजाभोंवतीं ते वेळ काढीत. जे खेळ ते खेळत, त्यांपैकीं कांहींच्या नांवांत ‘पूल’ हा शब्द होता. प्रत्येकानें आपला पैसा एकत्र टाकावयाचा आणि जिंकणाऱ्यानें तो उचलावयाचा, असा तो प्रकार होता. डेव्हनशायर रेजिमेंटमधील नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्यानें पंधरा तांबड्या चेंडूंच्या जोडीस निरनिराळ्या रंगांचे चेंडू ठेवण्याची कल्पना काढली. एका सोबत्याचा सोपा नेम चुकला, तेव्हां त्यानें त्यास ‘स्नूकर’ म्हणून चिडविलें. वुलिच येथील लष्करी विद्यालयांत नव्यानें दाखल झालेल्या विद्यार्थ्यास तेथील बोलींत हें नांव होतें. पुढें तें खेळासच चिकटलें. १८८२ सालीं उटकमंडच्या क्लबांत या खेळाचे नियम लिहून लावण्यांत आले, आणि छावणींतील करमणुकीस खेळाचें रूप आलें.

या हकीकतींत दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. बिलियर्डच्या कुळांतील खेळ पैजेच्या शेजारीं वाढले, ही एक. लिखित नियमांमुळें ते पैजेवांचूनही उभे राहूं शकले, ही दुसरी. आपल्याकडे वडील माणसांस पहिलीच गोष्ट तेवढी ठाऊक असते. मुलगा बिलियर्डच्या सलूनांत जातो असें कळतांच घरांत जी काळजी पसरते, तिचें मूळ येथेंच आहे. ती काळजी अगदींच निराधार नाहीं. पण दुसरी गोष्ट जाणल्यावांचून या खेळाविषयीं निवाडा करणें न्यायाचें होणार नाहीं.

नियमांचें मुख्य स्वरूप सोपें आहे. इंग्लिश बिलियर्डचें मेज सुमारें १२ फूट लांब व ६ फूट रुंद असून त्यावर हिरवी बनात ताणलेली असते. कडेला सहा पॉकेटें असतात आणि खेळ तीन चेंडूंचा असतो. आपल्या चेंडूनें इतर दोन्ही चेंडूंस स्पर्श केला, तर त्यास कॅनन म्हणतात व त्याचे २ गुण मिळतात. तांबडा चेंडू पॉकेटांत घातला, अथवा त्यावर आपटून आपला चेंडू आंत गेला, तर ३ गुण मिळतात. हेंच प्रतिपक्षाच्या चेंडूच्या बाबतींत घडल्यास २ गुण मिळतात. स्नूकरमध्यें २२ चेंडू असतात. प्रथम १ गुणाचा तांबडा घालावा, मग एक रंगीत. पिवळ्याचे २ गुणांपासून काळ्याच्या ७ गुणांपर्यंत रंगांच्या किंमती चढत जातात. प्रत्येक तांबड्यानंतर काळा घेतला आणि शेवटीं सर्व रंग क्रमानें घातले, तर एका खेपेस १४७ गुण होतात. ज्यानें चाळींत कॅरम खेळतांना राणी घेतल्यावर तिला जोड देण्याची धडपड केली आहे, त्यास हा हिशेब समजावयास वेळ लागत नाहीं.

नियम हे खेळाडूच्या पायांतील बेडी नसून खेळाचे रक्षक आहेत, हें इतिहासावरून दिसतें. १९०७ सालीं टॉम रीस या इंग्रज खेळाडूनें दोन चेंडू पॉकेटाच्या तोंडाशीं अडकवून ठेविले आणि आपल्या चेंडूनें त्यांस हलकेच स्पर्श करीत एकाच खेपेस ४,९९,१३५ गुण केले. हा डाव कित्येक आठवडे चालला. कौशल्य अचाट होतें. पण प्रतिस्पर्ध्यानें नुसतें बसून राहावयाचें आणि प्रेक्षकांनीं जांभया द्यावयाच्या, याला खेळ कोण म्हणणार? ती युक्ति लौकरच नियमबाह्य ठरली. पुढें १९३२ सालीं ऑस्ट्रेलियाच्या वॉल्टर लिंड्रम यानें लंडन येथें जो डेव्हिस याच्याविरुद्ध ४,१३७ गुणांचा ब्रेक केला. कडेलगत तिन्ही चेंडू जवळ ठेवून बारीक कॅननांची मालिका गुंफण्यांत त्याचा हात कोणी धरूं शकत नसे. त्यानंतर ठराविक गुणांच्या आंत आपला चेंडू मेजाच्या एका टोकाकडील आडव्या रेषेपलीकडे नेलाच पाहिजे, असा नियम झाला. मोठ्यांतल्या मोठ्या गुणवंतासही खेळाच्या हितापुढें मान लववावी लागली.

जो न्याय वरच्या पायरीवर, तोच खालच्या पायरीवर. मोहल्ल्यांतील स्पर्धेंत कसलेला आणि नवखा यांची गांठ पडली, तर निकाल आधींच ठरलेला असतो. म्हणून क्लबांतून सूट देण्याची चाल जुनी आहे. शंभर गुणांचा डाव असला, तर दुबळ्या खेळाडूच्या खात्यावर आरंभींच वीस-पंचवीस गुण मांडतात. अमेरिकेंत टेरी बेल व लॅरी हबार्ट या दोन धंदेवाईक खेळाडूंनीं १९७९ सालीं हौशी पूल-खेळाडूंसाठीं एक लीग काढली व हेंच तत्त्व संघांस लावलें. तेथें एट-बॉलच्या खेळांत प्रत्येकाची पायरी २ ते ७ या आंकड्यांनीं ठरवितात. पायरी सातचा खेळाडू पायरी दोनशीं खेळला, तर पहिल्यास सात डाव जिंकावे लागतात, दुसऱ्यास दोनच पुरतात. शिवाय सामन्यांत उतरणाऱ्या पांच जणांच्या पायऱ्यांची बेरीज २३ च्या वर जातां कामा नये. पांचही बलाढ्य गडी गोळा करून चषक पळविण्याची वाट या एका नियमानें बंद होते. प्रत्येक संघास नवशिका जवळ बाळगावाच लागतो व त्यास शिकवावें लागतें.

हौशी सामन्यांत बहुधा पंच नसतो. एकीकडे दोन खेळाडू, दुसरीकडे गुण मांडणारा मार्कर, एवढाच कारभार. सदऱ्याची बाही चेंडूस लागली किंवा क्यूचा दोनदां स्पर्श झाला, तर तें पुष्कळदां खेळणाऱ्यालाच कळतें. अशा वेळीं ‘फाउल’ असें त्यानेंच म्हणावें, असा या खेळाचा शिरस्ता आहे. स्नूकरमध्यें त्यामुळें प्रतिपक्षास निदान चार गुण मिळतात आणि हातचा डाव जातो. पण जो हें बोलतो त्याचा शब्द पुढें सर्व गांव मानतो. कोवळ्या वयांत याहून चांगलें शिक्षण दुसरें कोणतें?

आतां राहिला प्रश्न प्रवेशाचा. १९२२ सालीं पुण्यांत जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनीं १९५८ सालीं कलकत्त्यास आणि १९६४ सालीं न्यूझीलंडमध्यें हौशी बिलियर्डचें जागतिक विजेतेपद मिळविलें. मुंबईच्या मायकेल फरेरा यांनीं तें पुढें तीन वेळां जिंकलें. १९८५ सालीं पुण्यासच जन्मून बंगळुरास वाढलेल्या पंकज अडवाणी यांनीं २००३ सालीं हौशी स्नूकरचें जागतिक पद पटकाविलें. असें असूनही चांगलें मेज पुष्कळ ठिकाणीं क्लबाच्या दाराआड असतें व सभासदत्व सामान्य घरास झेंपत नाहीं. उरतें तें भाड्याचें मेज. तेथें पैज शिरली कीं घरची परवानगी संपली, आणि हुशार मुलाच्या हातांतील क्यू कायमचा खालीं आला.

म्हणून स्थानिक स्पर्धा भरविणारांवर मोठी जबाबदारी आहे. नियम मराठींत छापून भिंतीवर लावावे. प्रवेश-फी मेजाच्या व दिव्याच्या खर्चापुरतीच घ्यावी. सूट कोणास किती, हें सामन्यापूर्वीं सर्वांसमक्ष जाहीर करावें. पैज लावणारा कितीही मोठा खेळाडू असो, त्याचें नांव यादींतून काढावें. शाळकरी मुलांस संध्याकाळची ठराविक वेळ द्यावी व त्यांच्या पालकांस एकदां तरी तेथें बोलावून डाव दाखवावा. आपल्या मुलानें कोणीं न पाहिलेला फाउल स्वतः होऊन सांगितला, हें ज्या बापानें डोळ्यांनीं पाहिलें, तो दुसऱ्या दिवशीं त्यास अडविणार नाहीं.