आधी मातीला विचारा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मघाशी ओळखी झाल्या. कुणी इंजिनिअर, कुणी डॉक्टर, कुणी परदेशात. माझ्या नावापुढे 'शेती' आलं. त्यात थोडी भर घालतो. शेती करता करता मी पुन्हा विद्यार्थी झालो. आपल्याच नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून शेतीचं प्रमाणपत्र घेतलं, तेही पंचेचाळिशीत. "या वयात कागद घेऊन नोकरी कुठे करणार?" असं घरीही विचारलं गेलं. त्याचं उत्तर आज देतो.

हे विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं. गंगापूर धरणाच्या वाटेवर ते आहे. ज्याला गायी-वासरं आणि पाण्याची पाळी सोडून वसतिगृहात राहता येत नाही, त्याला घरबसल्या शिकता यावं, हा त्याचा हेतू.

तिथे शिकलेली एकच गोष्ट सांगतो. द्राक्षाची पानं पिवळी पडली की युरिया आणायचा, ही आमच्याकडची रीत. पण जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या, तर लोह कमी. आता गंमत बघा. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची. तिच्यात लोह भरपूर. पण चुनखडी जास्त आणि सामू आठच्या वर गेला, की ते लोह मुळांना घेता येत नाही. कोठार भरलेलं आणि झाड उपाशी! अशा वेळी युरियाच्या गोण्या ओतून काय होणार? फवारणीतून लोह द्यावं लागतं, शेणखत वाढवावं लागतं.

२०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका मिळू लागली. तिच्यात बारा गोष्टींची तपासणी असते. आमच्या गावात बऱ्याच घरांत ती कपाटात पडून आहे, कारण वाचायची कशी हे कुणी सांगितलेलं नाही. मला ती वाचता येते. नोकरी मिळाली नाही, पण माझ्या खतांची यादी आता मी स्वतः करतो. शेजारीही पत्रिका घेऊन ओट्यावर येतात.

म्हणून दोन विनंत्या. ज्यांची गावाकडे जमीन आहे, त्यांनी पीक निघाल्यावर, खत टाकण्याआधी नमुना घ्यावा. नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणची वीतभर खोल माती घ्या. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याशेजारची नको. सगळी मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन काढून टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा आणि प्रयोगशाळेत द्या. फळबाग असेल तर खालच्या थरांचे नमुने वेगळे घ्या.

दुसरी विनंती गुरुजनांना. नववीच्या मुलांना हे एकदा शेतात नेऊन करायला लावा. त्यातली निम्मी मुलं शेतकऱ्यांची आहेत. पत्रिका वाचणारं एक पोर प्रत्येक घरात झालं, तरी पुष्कळ पैसा वाचेल आणि जमीनही.