प्रवेश आधी, पैसा मागाहून

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



उच्च शिक्षणाचा प्रश्न निघाला की समाजवादी चळवळीत दोन गोष्टींची चर्चा हटकून होते. एकूण जागा किती आणि त्यांपैकी राखीव किती. तिसऱ्या गोष्टीची चर्चा क्वचितच होते. ती म्हणजे, प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याच्या हाती पैसा केव्हा पडतो. पदव्युत्तर आणि संशोधनाच्या शिक्षणात या तिसऱ्या प्रश्नाला पहिल्या दोहोंइतकेच महत्त्व आहे. पीएच.डी.चा अभ्यास साधारणतः पंचविशीत सुरू होतो. त्या वयात कष्टकऱ्याच्या घरातील मुलगा अथवा मुलगी म्हणजे घरातील एक मिळवता हात असतो. तो हात पाच वर्षे घराला अंतरतो. श्रीमंताच्या घरी ही उणीव जाणवत नाही. शेतमजुराच्या घरी ती पहिल्या महिन्यापासून जाणवते. शिष्यवृत्ती ही या बुडालेल्या मिळकतीची भरपाई आहे. तिच्याकडे दानधर्म म्हणून पाहिले, की ती कधीही दिली तरी चालते अशी समजूत होते, आणि सरकारी कार्यालयांत आज हीच समजूत रूढ आहे.

पैशाच्या वेळापत्रकाने विद्वत्तेचेही वेळापत्रक कसे ठरते, याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. त्या आधारावर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९१६ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. परंतु १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपताच अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा लंडन गाठण्यास १९२० साल उजाडले. तेही सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर. डी.एस्सी. ही पदवी त्यांना १९२३ साली मिळाली. बुद्धी होती, प्रवेशही होता. तरी तीन वर्षांचा खंड पडला तो केवळ पैशापायी. त्यांच्याइतकी जिद्द आणि असे साहाय्यक ज्यांना लाभत नाहीत, त्यांच्या बाबतीत तो खंड कायमचा ठरतो.

आता अमेरिकेतील आजची पद्धत पाहावी. तेथील बहुतेक मोठ्या विद्यापीठांत पीएच.डी.च्या प्रवेशपत्रासोबतच आर्थिक साहाय्याचा तपशील येतो. शुल्क माफ आहे काय, निर्वाहवेतन किती, ते किती वर्षे मिळणार आणि त्याबदली अध्यापनाचे वा संशोधनाचे साहाय्यक काम किती करावे लागणार, हे विद्यार्थ्याला घर सोडण्यापूर्वी कळते. शिवाय तेथील पदव्युत्तर शिक्षणसंस्थांच्या परिषदेचा एक ठराव आहे. त्यावर सह्या करणारी विद्यापीठे आर्थिक साहाय्याच्या प्रस्तावाला १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती विद्यार्थ्यावर करीत नाहीत. त्यामुळे दोन-तीन प्रस्ताव समोर ठेवून तुलना करण्याची सवड मिळते. सौदा करण्याची थोडीफार शक्ती त्याच्याही हाती राहते.

याचा अर्थ ती व्यवस्था आदर्श आहे असा मुळीच नाही. पीएच.डी.ची ही सोय एम.ए., एम.एस. यांसारख्या अभ्यासक्रमांना क्वचितच लागू होते. तेथे बहुतेकांना स्वतःच्या अथवा कर्जाच्या पैशावर शिकावे लागते. साहाय्यक म्हणून राबणारे विद्यार्थी हे कामगार आहेत, ही गोष्टही संघर्षाशिवाय मान्य झाली नाही. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले, त्याच विद्यापीठाच्या प्रकरणात २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाने अशा विद्यार्थ्यांचा संघटनेचा हक्क मान्य केला. २०२२ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुमारे ४८,००० साहायक अध्यापक व संशोधक वेतनवाढीसाठी संपावर गेले. आणि २०२५ साली संघराज्य सरकारने संशोधनाच्या अनुदानांवर कुऱ्हाड चालविताच काही विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या, काहींनी तर दिलेले प्रवेशही मागे घेतले. तरीही एक तत्त्व त्या पद्धतीतून घेण्यासारखे आहे: प्रवेश आणि पैसा यांचा निर्णय एकत्र व्हावा.

भारतात हा क्रम उलटा आहे. राज्यातील बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांसाठी आधी पीएच.डी.ची नोंदणी दाखवावी लागते. म्हणजे उडी आधी मारायची आणि खाली जाळे आहे की नाही ते मागाहून पाहायचे. अधिछात्रवृत्ती मिळावी म्हणून बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना २०२३ साली मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरावे लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ च्या जानेवारीपासून दरमहा ३७,००० रुपये झाली, हे खरे. पण ती परीक्षेत अगदी वरच्या गुणांनी उत्तीर्ण होणाऱ्यांपुरती. केंद्रीय विद्यापीठांतील इतर संशोधकांना २०१२ साली ठरलेले ८,००० रुपयेच एका दशकाहून अधिक काळ मिळत राहिले, आणि २०१५ साली तेही बंद करण्याचा घाट घातला गेला तेव्हा विद्यार्थ्यांना दिल्लीत आयोगाच्या दारात ठिय्या द्यावा लागला. अल्पसंख्याकांसाठी २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती तर २०२२ साली बंदच करण्यात आली.

थकबाकीचा अर्थ रुपयांत मांडून पाहावा. दरमहा ३७,००० रुपयांची अधिछात्रवृत्ती आठ महिने थकली, तर २,९६,००० रुपये अडकतात. व्यवहाराच्या भाषेत हे विद्यार्थ्याने सरकारला दिलेले बिनव्याजी कर्ज होय. तेवढीच रक्कम तो प्रत्येक महिन्याच्या आरंभी शेकडा दोन रुपये मासिक व्याजाने उसनी घेत राहिला, तर आठव्या महिन्याअखेर नुसते व्याजच २६,६४० रुपये होते. थकबाकी पुढे पूर्ण मिळाली तरी हे व्याज कोणी परत देत नाही. ज्याच्या घरात शिल्लक आहे, त्याला हा भुर्दंड पडत नाही. दिरंगाई सर्वांना सारखी वाटली, तरी तिची किंमत गरिबाकडूनच वसूल होते.

परदेशी शिक्षणात ही विषमता अधिक उघडी पडते. १९५४-५५ साली सुरू झालेली राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती ही अनुसूचित जाती, विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. तिच्या १२५ जागांपैकी भूमिहीन शेतमजूर आणि कारागीर या दोहोंना मिळून अवघ्या चार. येथेही अर्ज करतानाच विद्यापीठाचा विनाअट प्रवेश हाती असावा लागतो. तो मिळविताना अर्जाचे शुल्क, इंग्रजीची परीक्षा आणि बऱ्याचदा आगाऊ अनामत रक्कम भरावी लागते. एवढे करून निवड झाली, तरी निश्चिती नाही. २०२५-२६ साठी निवडलेल्या १०६ उमेदवारांपैकी आरंभी ४० जणांनाच तात्पुरती मंजुरीपत्रे मिळाली; उरलेल्या ६६ जणांची पत्रे निधीच्या उपलब्धतेवर अवलंबून ठेवण्यात आली. तो महिना जुलैचा होता, आणि ब्रिटनमधील वर्ग सप्टेंबरात भरतात. २०२२ साली तर भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अध्ययन हे विषयच या योजनेतून वगळण्यात आले. जातिव्यवस्थेचा अभ्यास तिचे चटके सोसलेल्यांनी परदेशी जाऊन करू नये, असाच त्याचा अर्थ झाला. मग उरते कर्ज. साडेसात लाखांवरच्या कर्जासाठी बँका सहसा तारण मागतात. ज्याच्या बापाच्या नावे गुंठाभर जमीन नाही, त्याने तारण कोठून आणावे?

यावर एक आक्षेप घेतला जातो. प्राथमिक शाळांना छप्पर नसताना पीएच.डी.वर खर्च कशाला? डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात, पीएच.डी. करून मुले काय दिवे लावणार, असा सवालच केला. आक्षेपातील पहिला भाग गंभीर आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. शाळेचे छप्पर आणि संशोधकाचे निर्वाहवेतन यांत झुंज लावण्याचे कारण नाही. दोन्ही खर्च करांतून व्हायचे आहेत, आणि कर कोणाकडून किती घ्यावा हा खरा राजकीय प्रश्न आहे. शिवाय शेतमजुरी, पाणीवाटप, कंत्राटी श्रम या विषयांवरचे संशोधन जर केवळ सुखवस्तू घरांतील मुलांनीच केले, तर कष्टकऱ्यांविषयीचे ज्ञानही परक्यांच्याच मालकीचे राहील.

मागण्या स्पष्ट असाव्यात. शिष्यवृत्तीची पात्रता प्रवेशापूर्वी जाहीर व्हावी आणि ते पत्र दोन वर्षे ग्राह्य राहावे. अनामत, व्हिसा आणि प्रवास यांसाठी आगाऊ रक्कम मिळावी. दरमहा ठरलेल्या तारखेला पैसे जमा व्हावेत. उशीर झाल्यास सरकारने व्याज द्यावे. दर महागाईच्या निर्देशांकाशी जोडले जावेत.

परंतु मागण्यांची निवेदने देऊन कार्यकर्त्याचे काम संपत नाही. तालुक्याच्या ठिकाणी एक टेबल मांडता येते. जातवैधता, उत्पन्न आणि रहिवास यांचे दाखले प्रवेशाच्या हंगामापूर्वी काढून देता येतात. ऐन वेळी दाखल्यासाठी धावणाऱ्याची तारीख हमखास चुकते. आलेले प्रवेशपत्र विद्यार्थ्याबरोबर बसून वाचता येते. शुल्कमाफी पूर्ण की अंशतः, वेतन बारा महिन्यांचे की नऊ, हमी किती वर्षांची, कामाचे तास किती, हे चार प्रश्न विचारल्याविना कोणीही होकार कळवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एक वही ठेवावी. कोणाचा अर्ज कधी गेला, मंजुरी कधी आली, पहिला पैसा कधी जमा झाला, या तीन तारखा त्यात लिहाव्यात. दोन वर्षांत प्रत्येक जिल्ह्यातून अशी एक वही तयार झाली, तर विधिमंडळात दिरंगाई नाकारणाऱ्या मंत्र्यापुढे तारीखवार हिशेब ठेवता येईल. तेवढी वही या वर्षीच्या प्रवेशापासून सुरू व्हावी.