बंद खोलीतले पीक आणि हवेचा हिशेब

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही. बोलणार आहोत ते हवेवर. गावोगाव सध्या एक पत्रक फिरते आहे : दहा बाय दहाच्या खोलीत लाखोंचे उत्पन्न. कुणी दिव्याखालचा तंबू विकतो, कुणी खोलीतले केशर, कुणी अळिंबी. पत्रकाच्या तळाशी 'कर्जाची सोय करून दिली जाईल' असेही छापलेले असते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला पावसावर न लटकणारे पीक हवेसे वाटते, यात गैर काही नाही. त्या इच्छेची चेष्टा आम्ही करणार नाही. पण कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी खोलीतल्या हवेचा हिशेब मांडला पाहिजे. तो मांडायला शेतकी कॉलेजची पदवी लागत नाही. पाढे आले म्हणजे पुरे.

बंद खोलीत गारपीट नाही, रोही नाही, रानडुक्कर नाही. हे सगळे खरे. पण शेतात आभाळ जे फुकट देते ते खोलीत विकत घ्यावे लागते. उजेड विकत, वारा विकत, थंडावा विकत, ओलावा विकत. शेतातल्या पिकाचा उत्पादन खर्च काढताना आपण ऊन कधी धरत नाही. खोलीत मात्र पहिला खर्च उन्हाचाच.

उन्हाची किंमत

भर दुपारी स्वच्छ आभाळाखाली एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॅट ऊन पडते. एका एकरात चार हजारांवर चौरस मीटर असतात. म्हणजे ज्याच्याकडे एक एकर रान आहे त्याच्यावर दुपारी ४,००० किलोवॅट ऊन फुकट बरसते. आता तेच तंबूत बघू. चकचकीत अस्तर लावलेला एक मीटर लांब, एक मीटर रुंद, दोन मीटर उंच तंबू, आत ४०० वॅटचा दिवा. दिवा दिवसाला १६ तास चालला तर ६.४ युनिट जळतात, महिन्याला १९२ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर १,९२० रुपये झाले. तुमच्या बिलावर जो दर असेल तो घालून पुन्हा गुणा. एवढी वीज एका चौरस मीटरच्या पालेभाजीला लागली. ती जुडी बाजारात काय भावाने विकणार?

आणि इथे गोष्ट संपत नाही. दिव्याने खाल्लेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊन तंबूतच राहते. दिवा एलईडीचा असला तरी तेच. तेवढ्याच उजेडाला वीज कमी लागते, पण जी लागते तिची उष्णताच होते. म्हणजे ४०० वॅटचा दिवा ही ४०० वॅटची शेगडीसुद्धा आहे. ही उष्णता पंख्याने बाहेर टाकायची आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा ५ अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर तासाला सुमारे २४० घनमीटर हवा ओढावी लागते. तंबू दोन घनमीटरचा. म्हणजे मिनिटाला दोन वेळा तंबूतली सगळी हवा बदलायची. एवढे करूनही नुसत्या पंख्याने आतली हवा बाहेरच्यापेक्षा थंड होत नाही. मे महिन्यात बाहेर ४२ असेल तर आत ४७. झाडे पाणी सोडतात त्यात थोडी उष्णता खपते, पण ते पाणी वाफ होऊन पुन्हा त्याच हवेत येते. म्हणून एसी लावा म्हणतात. एसी लावला की आधी पैसे देऊन उष्णता आत आणायची आणि मग पैसे देऊन ती बाहेर काढायची.

हा तंबू थंड मुलखात शोभतो. तिकडे हिवाळ्यात दिवस लहान, ऊन मंद, आणि दिव्याची उष्णता खोलीला ऊब म्हणून उपयोगी पडते. तिथेसुद्धा हिशेब फिरला की माणसे अडचणीत येतात. २०२१-२२ मध्ये गॅस आणि वीज महागली तेव्हा हॉलंडमधल्या अनेक काचघरवाल्यांनी दिवे मालवले, काहींनी लागवडच केली नाही. अमेरिकेत दिव्याखाली पालेभाजी पिकवणाऱ्या एरोफार्म्स या मोठ्या कंपनीने २०२३ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि बोवरी ही दुसरी कंपनी २०२४ च्या अखेरीस बंद पडली. त्यांच्याकडे भांडवलाचा तोटा नव्हता, शिकलेल्या माणसांचाही नव्हता.

हवेची तहान

आता ओलाव्याकडे वळू. रेडिओवर सांगतात की हवेतील आर्द्रता ८० टक्के. हे टक्के कशाचे? हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते तिच्यापैकी किती भरली आहे, त्याचे. आणि किती मावते हे उष्णतेवर ठरते. एक घनमीटर हवेत २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने मावते, ३० अंशांना ३० ग्रॅम, ४० अंशांना ५१ ग्रॅम. हवा जितकी तापेल तितके तिचे पोट मोठे होते.

पहाटे २० अंशांना खोलीत ८० टक्के ओलावा आहे, म्हणजे घनमीटरला १४ ग्रॅम पाणी. दुपारी खोली ३० अंशांवर गेली. पाणी तेच १४ ग्रॅम, पोट मात्र ३० ग्रॅमचे. टक्के झाले ४६. खोलीतून थेंबही बाहेर गेला नाही, तरी हवा तहानली. ती तहान ती पिकाच्या पानातून भागवते. दुपारी ज्वारीची पाने सुरळी होतात ती याच तहानेपायी.

रात्री याच्या उलट होते. दिवे बंद केले, हवा निवली, पोट लहान झाले, आणि जास्तीचे पाणी पानावर, कापडावर, छतावर थेंब होऊन बसले. आपण झाडाला घातलेले जवळजवळ सगळे पाणी झाड हवेत सोडते, हे विसरायचे नाही. दररोज पाच लिटर घातले तर जवळजवळ पाच लिटर हवेत येणार. बंद खोलीत ते जाणार कुठे? बुरशीला हेच हवे असते. ढगाळ, दमट हवा राहिली की कपाशीवर दहिया येतो आणि ज्वारीचे कणीस काळे पडते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. म्हणून दिवे मालवल्यावर पंखाही बंद करतात ते चूक. रात्री पंखा हळू का होईना, चालूच पाहिजे.

कूलर कधी चालतो, कधी नाही

एक लिटर पाण्याची वाफ होताना पाऊण युनिटच्या जरा आतबाहेर विजेइतकी उष्णता शोषली जाते. वाळ्याचे तट्टे, ओले गोणपाट, मातीचा रांजण, सगळे याच नियमावर चालतात. पण वाफ व्हायला हवा कोरडी पाहिजे. मे महिन्यात ४२ अंश आणि १५ टक्के ओलावा असताना कूलरला हवा २२ अंशांपर्यंत नेण्याची वाट मोकळी असते. साधा कूलर त्यातली तीन-चतुर्थांश वाट चालतो, म्हणजे २७ अंशांच्या आसपास पोचतो. ऑगस्टमध्ये ३१ अंश आणि ८० टक्के ओलावा असतो. तेव्हा तीच वाट फक्त तीन अंशांची उरते. पावसाळ्यात कूलर थंडावा देत नाही, नुसता दमटपणा वाढवतो. तेव्हा विक्रेता कूलर दाखवू लागला की कोणत्या महिन्यात दाखवतो आहे ते आधी पाहा.

हे मोजायला महागडे यंत्र नको. सारखी दाखवणारी दोन साधी तापमापके घ्या. एकाच्या फुग्याला सुती कापडाची वात गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. दोन्ही शेजारी टांगा, वारा घाला आणि पाच मिनिटांनी वाचा. कोरडे ३० दाखवते तेव्हा ओले त्याच्या २ अंश खाली असेल तर ओलावा ८५ टक्क्यांच्या आसपास. ४ अंश खाली असेल तर ७३. ६ असेल तर ६१. १० अंशांचा फरक असेल तर जेमतेम ४०. हा कागद खोलीच्या दारावर चिकटवा.

केशर आणि अळिंबी

केशराचे बघा. केशराच्या कंदात कळी धरते ती उन्हाळ्यात २३ ते २७ अंशांना, आणि फूल उमलते ते १५ ते १७ अंशांना. काश्मिरात पांपोरला ऑक्टोबरची थंडी हे काम फुकट करते. आपल्याकडे ते एसीने करावे लागते. शिवाय एक ग्रॅम सुके केशर व्हायला साधारण १५० फुले लागतात. आणि फूल येते ते कंदातल्या साठ्यावर. फुले काढल्यावर त्याच कंदाला पुढे काही महिने उजेडात, थंडीत पाने वाढवू दिली नाहीत तर पुढच्या वर्षासाठी चांगला कंद तयार होत नाही, नवा विकत आणावा लागतो. पत्रकात फुलांचा फोटो असतो, हा पुढचा खर्च नसतो. बटण अळिंबीलाही पीक येताना १४ ते १८ अंश लागतात, म्हणजे तीही एसीचीच.

धिंगरी अळिंबीची गोष्ट वेगळी आहे, आणि आमच्या मते कोरडवाहू गावाने पाहावे तर तिच्याकडे. तिला उन्हासारखा उजेड लागत नाही, म्हणजे दिव्याची शेगडी वगळली. सोयाबीनचे कुटार, ज्वारीची धसकटे, बारीक कुटलेली पऱ्हाटी यांवर ती येते. जनावराच्या तोंडचा कडबा मात्र तिच्यासाठी काढू नका. पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर काढून कुटली तर गुलाबी बोंडअळीचा आसराही मोडतो, हा वरचा फायदा. २०१७ साली त्या अळीने काय केले ते आपण विसरलेलो नाही.

धिंगरीला २० ते ३० अंश आणि ८० ते ९० टक्के ओलावा मानवतो. जुलै ते सप्टेंबर आपली हवा आपणहून जवळपास तशीच असते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उष्णता जमते, पण हवा कोरडी होते. तेव्हा भिंतीला ओले गोणपाट, जमिनीवर ओली वाळू आणि दिवसातून दोन-तीन फवारे. मार्चनंतर थांबावे. एप्रिल-मे मध्ये धिंगरी काढण्याचा हट्ट म्हणजे विजेच्या बिलाशी कुस्ती.

कुटार भिजवून ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचे, निथळायचे, आणि मुठीत दाबून पाहायचे. हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. बियाणे घालून पिशव्या पंधरा-वीस दिवस अंधारात ठेवायच्या. पांढरी जाळी पूर्ण पसरली की पिशव्या उघडायच्या, आणि इथून वारा महत्त्वाचा. ओलावा टिकावा म्हणून खोली गच्च बंद केली तर आत कोंडलेला कार्बन वायू वाढतो, देठ लांब होतात, छत्री बारीक राहते. सकाळ-संध्याकाळ दार-खिडकी उघडा, जाळी लावून, नाहीतर माश्या येतात. हिरवी बुरशी धरलेली पिशवी लगेच बाहेर न्या. काढणीच्या वेळी नाकातोंडाला फडके बांधा. छत्रीतून उडणारी धूळ छातीला बाधते.

एक किलो कोरड्या कुटारावर अर्धा ते पाऊण किलो ताजी अळिंबी येते. ताज्या मालात नव्वद टक्के पाणी, माल नाशवंत. वाळवला तर दहा किलोचा एक किलो. म्हणून आधी गिऱ्हाईक, मग खोली. 'सगळा माल आम्हीच घेऊ' असे सांगून बियाणे, पिशव्या आणि शिकवणी आगाऊ पैसे घेऊन विकणाऱ्याला आधी लेखी भाव मागा. बियाण्यासाठी आणि शिकण्यासाठी कृषी विद्यापीठाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात चौकशी करा.

आमचे म्हणणे एवढेच आहे. ज्याला खोली करायची त्याने आधी घरातल्या रिकाम्या खोलीत दोन तापमापके टांगावीत. महिनाभर सकाळी, भर दुपारी आणि रात्री आकडे लिहावेत. ते आकडे आणि पिकाला लागणारे आकडे शेजारी मांडावेत. मधले अंतर जेवढे, तेवढे बिल. अंतर कमी असेल तर दहा पिशव्यांपासून सुरुवात करा, कर्जाशिवाय. अंतर मोठे असेल तर पत्रकवाल्याला नम्रपणे रस्ता दाखवा.

प्रत्येक तालुक्यातून निदान दोन गावांनी ही नोंद सुरू करावी आणि पुढच्या बैठकीला वही घेऊन यावे. या जिल्ह्याच्या हवेचा हिशेब तेव्हा आपण स्वतःच्या आकड्यांनी मांडू, आणि कोणते पीक कोणत्या महिन्यात खोलीत घ्यायचे आणि कोणते अजिबात नाही, ते सगळे मिळून ठरवू.