समुद्राचा सीझन आणि कापसाचा सीझन

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, बाकी बोललो तसंच.)

आजचा विषय तसा हलकाफुलका आहे. बीचवर सुट्टीला जायचं, तर वर्षातल्या कुठल्या महिन्यात जायचं?

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? फोन काढायचा, सर्च करायचं, उत्तर येतं ‘नोव्हेंबर ते फेब्रुवारी’. विषय संपला. आणि ते उत्तर चूक नाही. पण ते उत्तर पुण्या-मुंबईच्या माणसाला धरून लिहिलेलं असतं, ज्याला शुक्रवारी रात्री निघून सोमवारी सकाळी ऑफिसात बसता येतं. आपण वर्ध्याचे. आपल्यापासून मुंबईच रेल्वेने साडेसातशे किलोमीटर, आणि कोकण त्याच्याही पुढे. आपल्याला कोकण म्हणजे कमीत कमी सहा दिवसांचं काम. त्यात घरी शेती असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कोणता? बरोबर. वेचणीचा.

तर आज मी ‘बेस्ट टाइम’ दोन कॅलेंडरं समोर ठेवून शोधणार आहे. एक समुद्राचं, एक आपल्या घरचं. मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, वर्ध्यात बसून काम करतो, त्यामुळे मला सवय आहे: आधी सगळ्या अटी लिहून काढायच्या, मग उत्तर शोधायचं. उदाहरण म्हणून मालवण-तारकर्ली घेऊ, कारण आपल्याकडचे बरेच लोक तिथेच जातात.

आधी समुद्राचं कॅलेंडर

जून ते सप्टेंबर. कोकणातला पाऊस आपल्या पावसासारखा नसतो. आपल्याकडे वर्षभरात साधारण हजार मिलिमीटर पडतो, तिकडे तीन हजारांच्या आसपास, आणि त्यातला बहुतेक याच चार महिन्यांत. हिरवळ बघायची असेल तर यासारखा काळ नाही. पण आपण बीचबद्दल बोलतोय. मे संपता संपता वॉटर स्पोर्ट्स बंद होतात ते ३१ ऑगस्टपर्यंत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे ताज्या मोठ्या मासळीचीही चणचण. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर जाते, गाड्या हळू चालतात. आणि समुद्रात उतरायचा तर प्रश्नच नाही. खोल्या स्वस्त मिळतात, पण का मिळतात ते आता कळलं असेल. त्यात गणपतीत कोकणच्या गाड्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते. तो त्यांचा सण आहे, आपण मध्ये घुसू नये.

ऑक्टोबर. पाऊस जातो, पण ऊन चटके देतं आणि हवेत ओल असते. शिवाय अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे दोन काळ असतात: एक मान्सूनच्या आधी, एक मान्सूननंतर. २०१९ मध्ये ऑक्टोबरच्या शेवटी ‘क्यार’ आलं होतं, तेव्हा सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर चांगल्याच लाटा उसळल्या होत्या. दर वर्षी असं होतं असं नाही, पण दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग करताना रद्द करता येईल अशी खोली घ्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. यावर वाद नाही. हवा कोरडी, समुद्र शांत, पाणी नितळ. स्कुबा करायचं असेल तर हेच महिने, कारण गढूळ पाण्यात पैसे देऊन काही दिसत नाही. फक्त २४ डिसेंबर ते २ जानेवारी सोडा. तेव्हा तीच खोली, तीच गादी, पण भाव भलताच.

आणि आता एप्रिल-मे. इथे मला थोडा वेळ घ्यायचाय, कारण विदर्भातली बहुतेक कुटुंबं नेमकी तेव्हाच जातात. शाळांना सुट्टी असते, शेतात काम कमी असतं, आणि आपल्याकडे पारा ४५ च्या घरात. फोनवर मालवणचं तापमान ३३ दिसतं. वाटतं, बारा डिग्री कमी! चला!

पण कूलरचा विचार करा. आपला वाळ्याचा कूलर कसा काम करतो? बाहेरची हवा कोरडी असते, ती ओल्या वाळ्यातून जाते, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना उष्णता शोषली जाते. हवा गार. आपलं अंगही असंच आहे. घाम सुकतो म्हणून अंग गार होतं. आता तोच कूलर मे महिन्यात मालवणला नेऊन ठेवा. हवेत आधीच इतकं पाणी आहे की वाफ होतच नाही. कूलर नुसता फिरतो. आणि तुमच्या अंगाचा कूलरही नुसता फिरतो. घाम येतो, सुकत नाही. वर्ध्याच्या ४५ मध्ये सावलीत बसलं की निदान बरं वाटतं, मालवणच्या ३३ मध्ये सावलीतही अंग चिकट. तरुण माणूस समुद्रात डुंबून वेळ काढतो. साठीच्या माणसाचं काय? आणि बीपीची गोळी चालू असेल तर?

त्यात मे महिन्यात वारा वाढतो, समुद्र खवळायला लागतो. १६ मे २०२१ च्या सुमारास ‘तौक्ते’ चक्रीवादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेलं. त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. मे महिन्याच्या बाजूने एकच गोष्ट बोलते, ती म्हणजे हापूस. तो तेव्हा भरपूर आणि परवडणारा असतो. पण आंबा वर्ध्यालाही येतो, समुद्र येत नाही.

आता घरचं कॅलेंडर

माझ्या घरचंच सांगतो. देवळी तालुक्यात आमची कोरडवाहू शेती. कापूस आणि तूर. बाबा बासष्टचे, आई अठ्ठावन्नची. दोघांनी समुद्र पाहिलेला नाही. टीव्हीवर पाहिलाय, माझ्या फोनवर पाहिलाय. मी विषय काढला की बाबांचं उत्तर ठरलेलं: “समुद्र काही पयून नाही जात.”

खरं आहे, समुद्र पळून जात नाही. पण आईचे गुडघे दर वर्षी थोडे थोडे जातायत. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत चढायला पाय उचलावा लागतो, वाळूत चालायला जोर लागतो. हे ‘पुढच्या वर्षी बघू’वालं काम नाही. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरी हेच चालू असेल, म्हणून हा भाग केला.

तर बघा. जूनमध्ये पेरणी. जुलै-ऑगस्ट निंदण, डवरणी, फवारणी. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनवाल्यांची कापणी. दसरा-दिवाळीपासून कापसाची वेचणी, ती तीन-चार वेळा होते आणि जानेवारीपर्यंत चालते. वेचायला मजूर मिळवणं हीच एक लढाई, मालक घरी नसेल तर ती हरलीच. मध्येच तुरीची सोंगणी. मग कापूस विकायचा, भाव बघत थांबायचं. म्हणजे समुद्राचे चारही चांगले महिने घरच्या कॅलेंडरवर लाल आहेत. आणि घर मोकळं होतं तेव्हा समुद्र बिघडायच्या वाटेवर असतो. म्हणून आमच्या गावातल्या लोकांचं कोकण राहून जातं. पैसे हे एक कारण आहेच, पण हे दुसरं कोणी बोलत नाही.

मग फट कुठे आहे?

आहे. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचे पहिले दहा-बारा दिवस.

गुलाबी बोंडअळीमुळे कृषी विभाग दर वर्षी सांगतो की फरदड घेऊ नका, कापूस वेळेत उपटून शेत मोकळं करा. ते ऐकलं तर फेब्रुवारीत शेत रिकामं. तूर घरात आलेली. लग्नसराई अजून तापायची आहे. तिकडे समुद्र अजून शांत, पाणी चांगलं, रात्री विशीच्या आसपास गारवा. दिवसा एकतीस-तेहतीस. एक गोष्ट लक्षात ठेवा: या दिवसांत कधीकधी जमिनीकडून वारा येतो आणि कोकणातही पारा सदतीस-अडतीसला जातो. दोन-तीन दिवसांचा खेळ असतो. तेव्हा दुपारी अकरा ते चार खोलीत झोपायचं, बस.

ज्यांच्याकडे हरभरा किंवा गहू आहे त्यांना हे दिवस जमणार नाहीत, त्यांनी सोंगणी करून मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात जावं. थोडं गरम होईल, पण मेपेक्षा कितीतरी बरं. घरात दहावी-बारावीवाला असेल तर मात्र यंदा राहू द्या.

या काळात तीन तारखा तपासायच्या. एक, महाशिवरात्र: देवगड तालुक्यात कुणकेश्वरची मोठी यात्रा. दोन, होळी: कोकणात शिमगा, मुंबईचे चाकरमानी गावी येतात, गाड्या भरतात. तीन, मालवण तालुक्यातली आंगणेवाडीची भराडीदेवीची यात्रा. हिची गंमत म्हणजे ही ठरावीक तिथीला नसते, देवीचा कौल घेऊन तारीख जाहीर होते. लाखो लोक येतात, मालवणात खोली मिळत नाही. यात्रा बघायची असेल तर जरूर जा, पण आईबाबांना निवांत समुद्र दाखवायचा असेल तर ते तीन-चार दिवस टाळा.

आठवडा ठरला, आता दिवस कुठला?

हा माझा आवडता भाग, कारण यात बाबा माझ्यापेक्षा हुशार निघतात. भरती-ओहोटी चंद्रावर चालते आणि चंद्राचं कॅलेंडर आपल्या भिंतीवर टांगलेलं असतं. कोकणातला जुना ठोकताळा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. दिवसाही आणि रात्रीही. अंदाजच आहे तो, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची भरती, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, चढउतार कमी. आता हिशोब करा. अष्टमी, आठची पाऊणपट सहा. म्हणजे संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. चार ते साडेपाच पाणी हळूहळू चढत असतं, ओढ कमी, ऊन उतरलेलं. म्हाताऱ्या माणसाला हात धरून पाण्यात उभं करायला यापेक्षा चांगली वेळ नाही. नियम एकच: पाणी चढत असताना उतरायचं, ओसरत असताना नाही. गुडघ्याच्या वर जायचं नाही, आणि तिथल्या माणसाने ‘इथे नको’ म्हटलं तर वाद घालायचा नाही. मग साडेसहा-पावणेसातला सूर्य समुद्रात. आमच्याकडे सूर्य तुरीच्या मागे मावळतो, त्यामुळे एवढं तरी दाखवायलाच पाहिजे.

म्हणजे अष्टमीच्या मागेपुढे दोन दिवस धरून मुक्काम लावा. शुक्ल असो की कृष्ण, दोन्ही चालतात.

तिकीट आणि खोली

रेल्वेचं आगाऊ बुकिंग १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. २५ फेब्रुवारीची गाडी हवी असेल तर २७ डिसेंबरला सकाळी आठ वाजता फोन घेऊन बसायचं. अलार्म आत्ताच लावा. वर्ध्याहून विदर्भ किंवा सेवाग्राम एक्स्प्रेसने मुंबई, तिथून कोकणकन्या किंवा दादरहून तुतारी, उतरायचं कुडाळला. मालवण तिथून साधारण तीस किलोमीटर. नागपूर-मडगाव अशी एक विशेष गाडीही वर्ध्यावरून थेट कोकणात जाते. ती ‘विशेष’ असल्याने मुदतवाढ मिळत राहते, म्हणून चालू आहे की नाही ते आधी बघा. मोठ्यांसाठी खालचा बर्थ, हे सांगायला नकोच.

गाडीने जायचं तर समृद्धी महामार्ग आता मुंबईजवळ आमणेपर्यंत पूर्ण झालाय, पण तिथून मालवण अजून लांब. एका दिवसात हाणायचा विचार करू नका, मध्ये मुक्काम करा.

खोली शक्यतो तळमजल्यावरची, आणि समुद्रापर्यंत पायऱ्या किती आहेत हे फोन करून विचारा. फोटोत पायऱ्या दिसत नाहीत. मोठं रिसॉर्ट पाहिजेच असं नाही. तारकर्ली-देवबागला घरगुती निवास भरपूर आहेत, आणि शाकाहारी माळकरी माणसालाही घावणे, उसळ, सोलकढी असं मिळतं.

आणि शेवटचं. ‘जाऊ कधीतरी’ असं घरी विचारू नका, उत्तर माहीत आहे. तारीख, गाडी आणि खोली सांगा. बाबांना अष्टमी कधी आहे ते शोधायला लावा, म्हणजे प्लॅन त्यांचाही होईल. आमच्या घरी यंदा तेच काम त्यांच्याकडे दिलंय. परवा कॅलेंडरची पानं उलटत होते. काही बोलले नाहीत, पण पेन मागितला.

तुमच्या घरचं कॅलेंडर कुठे अडतं ते मला नक्की कळवा. संत्र्याचा बहार असेल, दुकानाचा सीझन असेल, ड्युटीचा रोस्टर असेल. सगळ्यांची फट वेगळी असते, आपण मिळून शोधू. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि २७ डिसेंबरचा अलार्म लावा!