पाटी, लेखणी आणि नकाशातली रेघ



या व्यासपीठावरून आपण साहित्य, इतिहास, संगीत यांवरची व्याख्याने ऐकता. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. आमचा विषय त्यामानाने रुक्ष. संगणकावर चित्र किंवा नकाशा काढण्यासाठी जी पाटी लागते, जिला बाजारात ड्रॉइंग टॅब्लेट म्हणतात, ती कशी निवडावी, एवढाच तो विषय. यात व्याख्यान देण्याजोगे काय आहे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, हत्याराची निवड हा कामगाराच्या पोटाचा प्रश्न असतो. आणि नकाशाच्या बाबतीत तो दुसऱ्याच्या घराचाही प्रश्न होतो.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि आपल्या शेजारची वागळे वसाहत कारखान्यांनी भरू लागली. त्या काळी कारखान्यातला आरेखक उतरत्या फळीवर कागद ताणून, टी-स्क्वेअर आणि शाईचे पेन घेऊन काम करी. फळी कारखान्याची, पेन कारखान्याचे. संगणक आला आणि ती फळी गेली. आज तेच काम तरुण मुले-मुली घरी बसून करतात, आणि काम नगावर दिले की पाटी ज्याची त्याने आणायची हे ओघानेच येते. म्हणून पहिला प्रश्न पैशाचा आहे, आणि ज्याला स्वतःच्या खिशातून घ्यायची आहे त्याने दुकानदाराच्या आकड्यांना भुलता कामा नये.

आधी ही वस्तू चालते कशी ते पाहू. बहुतेक पाट्यांच्या पृष्ठभागाखाली बारीक तारांची जाळी असते. ती चुंबकीय लहरी सोडते. लेखणीतले छोटे वेटोळे त्यांना प्रतिसाद देते, आणि त्यावरून टोक कुठे आहे व किती दाबले आहे हे पाटीला कळते. म्हणून अशा लेखणीला बॅटरी लागत नाही. परंतु एका कंपनीची लेखणी दुसरीच्या पाटीवर सहसा चालत नाही, आणि टोके झिजतात. सबब सुटी लेखणी व जादा टोके मिळतात काय, आणि आपल्या संगणकासाठी कंपनी अजून ड्रायव्हर पुरवते काय, हे आधी विचारावे. ड्रायव्हर मिळेनासा झाला की चांगली पाटीसुद्धा पोळपाटाच्या लायकीची उरते.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते : दाबाच्या ८१९२ पायऱ्या, कुठे १६३८४. माणसाच्या बोटांना इतक्या पायऱ्या वेगळ्या काढता येत नाहीत. शिवाय आपले देवनागरी अक्षर घ्या. त्याची जाड-बारीक रेघ दाबातून येत नाही. बोरूचे टोक तिरके कापलेले असते, त्या कापातून ती येते. ज्याला मराठी सुलेखन करायचे आहे त्याला लेखणीचा कल ओळखणारी पाटी उपयोगी, किंवा चपटा, तिरका कुंचला देणारी आज्ञावली तरी हवी. क्रिटा ही आज्ञावली ते देते आणि ती फुकट मिळते. नकाशासाठी क्यूजीआयएस आहे, तीही फुकट. आज्ञावलीवर पैसे घालवण्याआधी या दोन पाहाव्यात.

आता आकार. फार लहान पाटीवर हाताची बोटभर हालचाल पडद्यावर वीतभर होते आणि रेघ थरथरते; फार मोठीवर खांदा दुखतो. दहा इंच बाय सहा इंचांच्या आसपासची पाटी बहुतेकांना पुरते. पडदा असलेली पाटी मोहक खरी, पण ती कित्येक पट महाग असते, आणि ती आडवी ठेवून दिवसभर मान वाकवली तर मान धरते. जुन्या आरेखकाची फळी उतरती होती ती उगाच नव्हे. पडद्याची घ्यायचीच तर उभी करण्याच्या घोडीसकट घ्या. साध्या पाटीवर हात टेबलावर आणि नजर समोर राहते. दोन-तीन आठवड्यांत सवय होते.

दुकानात तीन गोष्टी करून पाहाव्यात. एक तिरपी रेघ अगदी सावकाश ओढावी. ती नागमोडी आली तर पाटी नको. वाटी ठेवून भोवती गोल काढावा. तो लंबगोल झाला तर पाटीचे आणि पडद्याचे प्रमाण जुळवून घ्यावे लागेल. आणि अगदी हलका स्पर्श करावा. त्याला दाद न देणाऱ्या पाटीवर हात जोर करतो आणि संध्याकाळी मनगट बोलते.

नकाशाचे काम मात्र निराळे आहे. घरांचे आणि प्लॉटांचे सरळ कोपरे टिपायला माऊस पुरतो. त्यासाठी पाटी घेऊ नये. ओढा, पायवाट, डोंगराच्या उंचीरेषा हाताने वळवायच्या असतील तेव्हाच लेखणी कामाची.

२४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू झाली. तीत गावठाणातल्या घरांच्या हद्दी आधी जमिनीवर चुन्याने आखतात, मग ड्रोनने छायाचित्रे घेतात, आणि मग कोणीतरी संगणकापुढे बसून त्या रेघा उतरवतो. त्यांवरून मालमत्ता पत्रक तयार होते. हिशेब करा. एकास पाचशे प्रमाणाच्या नकाशात अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ सेंटिमीटर होते, वीतभराहून थोडी अधिक. एकास दहा हजारात तीच रेघ ५ मीटर, म्हणजे एक आख्खी खोली रेघेखाली गडप. आपल्या चेंदणी कोळीवाड्यासारख्या दाट वस्तीत वीतभरावरून भांडणे होतात. पाटीच्या खोक्यावर इंचाला ५०८० रेघांची सूक्ष्मता छापलेली असली, तरी छायाचित्र मुळात चुकीच्या जागी बसले असेल तर ती सूक्ष्मता काय कामाची? चुन्याची रेघ आखताना घरमालक हजर हवा आणि नकाशा पक्का होण्यापूर्वी वस्तीने तो वाचलेला हवा. नकाशा वाचायला पाटी लागत नाही.

आणि जो मुलगा वा मुलगी ही रेघ काढते, तिला नगामागे घाई करायला लावू नका. दरात पाटीची झीज, टोकांचा खर्च आणि चूक तपासण्याचा वेळ धरलेला असलाच पाहिजे. पूर्वी फळी कारखान्याची होती, तेव्हा तिचा खर्च मालकाच्या वहीत लिहिला जाई. आज तो कामगाराच्या घरखर्चात मुरतो आणि कोणाला दिसत नाही. तो दराच्या कागदावर लिहून मागावा. एकट्याने मागितला तर काम दुसऱ्याकडे जाते; दहांनी मिळून मागितला तर बोलणी होतात.