मैदानावरील भीती

(भुसावळ येथे क्रीडाशिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



शालेय स्पर्धांच्या तयारीसाठी आपण येथे जमलो आहोत. मैदान, पंच, साहित्य आणि प्रवासखर्च यांविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी सविस्तर सांगितले. मी ज्या गोष्टीविषयी बोलणार आहे, तिची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. ती म्हणजे सामन्यापूर्वी खेळाडूच्या पोटात येणारा गोळा.

पेर मर्टेसाकर हे जर्मनीचे नामवंत फुटबॉलपटू. २०१४ सालचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात ते होते. अंगाने धिप्पाड, बचावफळीतील भक्कम भिंत अशी त्यांची ख्याती. निवृत्तीच्या उंबरठ्यावर असताना, मार्च २०१८ मध्ये, त्यांनी एका जर्मन साप्ताहिकाच्या मुलाखतीत सांगितले, की सामना सुरू होण्याच्या क्षणी त्यांना मळमळून येई, आणि ते कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून ते तोंड फिरवीत. २००६ साली मायदेशातील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनी इटलीकडून पराभूत झाली. सारा देश हळहळत असताना त्यांना मात्र, एकदाचे संपले, असे वाटून हायसे झाले होते. पाचशेहून अधिक सामने खेळलेल्या माणसाची ही कबुली आहे. तिच्यावर माजी कर्णधार लोथार माथेउस यांनी जाहीर टीका केली. म्हणजे भीती बोलून दाखविणाऱ्याची हेटाळणी केवळ आपल्याकडेच होते असे नाही.

ही भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे. धोक्याची चाहूल लागताच शरीरात ॲड्रेनॅलिन स्रवते, हृदयाचे ठोके वाढतात, रक्त स्नायूंकडे धावते आणि पचनाचे काम मंदावते. म्हणून पोटात ढवळते व तोंड कोरडे पडते. सभेत प्रथमच बोलायला उभ्या राहिलेल्या पंचायत सदस्यांना हे सांगावे लागणार नाही. मी स्वतः या क्षणी पाण्याचा पेला जवळ ठेवूनच बोलत आहे!

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. भुसावळ हे मध्य रेल्वेचे विभागीय ठाणे. याच मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून २०१५ साली नोकरीस लागलेले नेमबाज स्वप्नील कुसाळे हे कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे, शिक्षकाचे चिरंजीव आणि राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचे विद्यार्थी. २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत अंतिम फेरीत ते आघाडीवर होते. एक नेम चुकला, ७.६ गुण पडले आणि वैयक्तिक पदक हुकले. ते चौथे आले. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पहिला टप्पा संपला तेव्हा ते सहावे होते. अखेरीस ४५१.४ गुणांसह त्यांनी कांस्यपदक मिळविले. त्यानंतर त्यांनी पत्रकारांना जे सांगितले ते मला पदकाइतकेच मोलाचे वाटते. पोटात कालवाकालव होत होती, काही खाल्ले नव्हते, केवळ काळा चहा घेऊन ते आले होते. छाती धडधडत होती. त्यांनी श्वासावर ताबा ठेवला, नेहमीपेक्षा वेगळे काही केले नाही आणि गुणफलकाकडे पाहिले नाही. भीती जाण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. ती सोबत असतानाच नेम धरला.

रेल्वेच्या या गावात हे समजण्यास अवघड नाही. इंजिनाचा चालक आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल एकमेकांना मोठ्याने सांगतात. त्या दिवशी मन प्रसन्न आहे की उदास, यावर ते अवलंबून नसते. खेळाडूलाही अशी ठरलेली रीत हवी: बूट त्याच क्रमाने बांधणे, सावकाश श्वास सोडणे, मग चेंडू जागेवर ठेवणे. ही रीत सरावातच अंगवळणी पडावी लागते. सामन्याच्या सकाळी ती शिकविता येत नाही.

आता थोडे कटू बोलतो. माझ्या शाळेच्या दिवसांत आमचा गोलरक्षक सामन्याआधी भिंतीआड जाऊन ओकला. शिक्षकांनी सर्वांदेखत त्याला भित्रा म्हटले आणि आम्ही मुले हसलो. मीही हसलो. तो पुन्हा मैदानावर आला नाही. त्याच्याइतकी झेप घेणारा गोलरक्षक आमच्या शाळेला त्यानंतर मिळाला नाही, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

म्हणून आपणांस विनंती आहे, की सामन्यापूर्वी मुलांपुढे गावाच्या अब्रूची भाषणे टाळावीत. बक्षिसाचे आकडेही त्या वेळी जाहीर करू नयेत. एखादे मूल घाबरलो म्हणाले, तर 'घाबरू नकोस' एवढेच सांगून त्याला वाटेला लावू नये. काय होते आहे ते विचारावे. झोप उडणे, जेवण सुटणे, शाळा टाळणे असे दिवसेंदिवस चालले, तर ते प्रशिक्षकाच्या हातातले राहत नाही. त्यासाठी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. २०२२ सालापासून केंद्र शासनाची टेलिमानस ही दूरध्वनी सेवाही आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो शाळेच्या फलकावर, शक्यतो खेळाच्या साहित्याची खोली असते तिच्या दारापाशी, लिहून ठेवावा. मुले तेथे रोज थांबतात.