राजगडाच्या जंग्या आणि इंग्लंडचे पिलबॉक्स
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘निवृत्तीनंतर इंग्लंडात करतोस काय?’ असं सकाळपासून चौघांनी विचारलं. खरं सांगू? आम्ही दहा-बारा म्हातारे रविवारी जुन्या काँक्रीटच्या खोल्यांवरची झाडंझुडपं काढतो.

१९४० साली फ्रान्स पडलं. डंकर्कहून ब्रिटिश सैनिक परतले, पण बहुतेक तोफा-रणगाडे तिकडेच राहिले. जर्मन कधीही उतरतील या धास्तीनं काही महिन्यांत देशभर हजारो छोटी ठाणी बांधली गेली. त्यांना ‘पिलबॉक्स’ म्हणतात. आमच्याकडे केनेट-एव्हन कालव्याच्या काठानं त्यांची रांगच आहे. बरीचशी षट्कोनी. आठवीच्या सहलीत सरांनी राजगडाच्या तटात दाखवल्या, तशाच भिंतींना जंग्या. आत शिरलेली गोळी उसळून सगळ्यांना लागू नये म्हणून मधोमध आणखी एक भिंत.

जर्मन आलेच नाहीत. म्हणून लोक म्हणतात, जिथं लढाईच झाली नाही ते कशाला जपायचं? मला वाटतं, घाबरलेल्या माणसांनी हातपाय न गाळता काय केलं, ते तिथं दिसतं.

सगळी ठाणी वाचणार नाहीत. सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. शेतकऱ्याला नांगराच्या वाटेत ती नको असतात. काहींमध्ये आता वटवाघळांची सोय केली आहे, तीही वाचली. पण नोंद सगळ्यांचीच करता येते. १९९५ पासून काही वर्षं तिथल्या शेकडो स्वयंसेवकांनी गावोगाव फिरून युद्धकाळातल्या हजारो जागा नोंदवल्या.

आमच्या गल्लीत एक आजी होत्या. असं एक ठाणं बांधलं जात असताना त्या सात वर्षांच्या होत्या आणि मजुरांना चहा नेऊन देत. मी म्हटलं, ‘पुढच्या रविवारी वही घेऊन येतो.’ तो रविवार मी पाहुण्यांमुळे चुकवला. त्याच आठवड्यात आजी गेल्या. माझ्या वहीत त्या ठाण्याची लांबी-रुंदी आहे, भिंतीची जाडी आहे; मजुरांची हकिगत नाही.

तेव्हा सर, जेवणानंतर मी तुमच्या शेजारी बसणार आहे. आपली शाळा पत्र्याच्या शेडमध्ये कशी सुरू झाली, ते पहिल्यापासून सांगा. वही आणली आहे. ‘पुढच्या वर्षी’ म्हणू नका.